विमानाविषयी मुलांचे प्रश्न आणि एक शिकविणारे विमान

(बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गात भागाकार चालू असावा आणि शाळेच्या छपरावरून गडगडाट करीत विमान निघून जावे, हा प्रसंग पुणे जिल्ह्यातील शिक्षकाला नवा नसावा. लोहगावचा हवाईतळ याच जिल्ह्यात आहे. तेथे १९३९ पासून लष्करी विमाने ये-जा करीत आली आहेत, आणि २००२ साली रशियन बनावटीची सुखोई-३० एमकेआय ही विमाने भारतीय वायुसेनेत प्रथम दाखल झाली तीही तेथेच. आवाज आला की मुले खडू-पाटी टाकून अंगणात धावतात. परत येतात ती प्रश्न घेऊन. "गुरुजी, एवढे जड असून ते पडत कसे नाही?" "बाई, त्याला मोटारीसारखे चाक असते का हातात?" "उलटे झाले तर आतला माणूस खाली पडत नाही का?"

या प्रश्नांची बोळवण करण्याच्या दोन रीती सर्वत्र आढळतात. "इंजिन असते म्हणून" ही एक, आणि "मोठेपणी कळेल" ही दुसरी. पहिले उत्तर अपुरे आहे. दुसरे तर उत्तरच नव्हे. तिसरी एक रीत या दोहोंपेक्षा घातक आहे, कारण ती विद्वत्तेचा वेष घेऊन येते. ती म्हणजे पुस्तकातून पुस्तकात उतरत आलेले चुकीचे स्पष्टीकरण. तेथूनच आरंभ करणे बरे.

हवा म्हणजे काही नाही, अशी मुलाची स्वाभाविक समजूत असते. तिला धक्का देण्यासाठी बोरीच्या शिक्षकाला लांब जावे लागत नाही. कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा जो थर आहे, त्याच्या अभ्यासासाठी देशोदेशीचे संशोधक या गावी येऊन गेले आहेत. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, असे मानले जाते. सुमारे तीन हजार किलोमीटरवरून ती येथवर आणली ती हवेने. हवेला वजनही आहे. एक घनमीटर हवेचे वजन किलोपेक्षा थोडे अधिक भरते. वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा वर्गखोलीतील हवा तागडीत घालता आली, तर ती क्विंटलभर भरेल. हे गणित सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. उत्तर निघाले की ती प्रथम हसतात, मग एकमेकांकडे पाहतात. ज्या वस्तूला वजन आहे ती ढकलता येते, आणि तिला ढकलले तर तीही उलट ढकलते, हे पुढे सांगणे मग सोपे जाते.

विमानाचा पंख हेच करतो. समोरून येणाऱ्या हवेला तो खाली वळवितो आणि त्याचा मोबदला म्हणून हवा त्याला वर रेटते. खालच्या अंगास दाब अधिक, वरच्या अंगास कमी, असे मोजून दाखविता येते, आणि वरच्या अंगावरून हवा अधिक वेगाने जाते हेही खरे. परंतु पुस्तकांत पुढे जे कारण दिलेले असते ते खरे नाही. तेथे म्हटलेले असते की, पंखाचा वरचा भाग फुगीर असल्यामुळे वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेची मागील कडेला गाठ घेण्यासाठी तिला घाई करावी लागते. म्हणून तिचा वेग वाढतो. हवेच्या दोन कणांनी पंखाच्या मागे भेटण्याचा करार केल्याचे कोणालाही आढळलेले नाही. धूर सोडून वायुबोगद्यात पाहिले, तर वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी मागील कडेला पोहोचलेली दिसते. शिवाय, ते कारण खरे असते तर लढाऊ विमानाला उलटे होऊन उडताच आले नसते, आणि मकरसंक्रांतीचा सपाट कागदी पतंग तर जमिनीवरून उठलाच नसता. एखाद्या चौकस मुलाने ही शंका घेतली तर त्याला गप्प बसवू नये. तो पुस्तकापेक्षा अधिक बरोबर आहे.

याचा पडताळा शाळेच्या पाण्याच्या टाकीवर घेता येतो. तोटीची सारखी बारीक धार सोडावी. एक चमचा दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबता ठेवावा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावावी. धार चमच्याला दूर ढकलील अशी मुलांची अपेक्षा असते. घडते उलट. पाणी पाठीच्या वळणाला धरून वाहते आणि चमच्याच्या बाजूस वळून खाली पडते. चमचा मात्र धारेकडे ओढला जातो. पाणी एका दिशेला वळविले, चमचा विरुद्ध दिशेला गेला. पंखावरील हवेचा व्यवहार याच जातीचा आहे. एवढा एक प्रयोग मुलांच्या स्वतःच्या हातून झाला, तर तासभराच्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

जवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ज्या प्रचंड तबकड्या आहेत, त्यांचाही येथे उपयोग करून घ्यावा. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्या पत्र्याच्या न करता तारेच्या जाळीच्या का केल्या? वारा आरपार निघून जावा आणि त्याचा रेटा तबकडीवर व तिच्या खांबावर कमी पडावा, म्हणून. विमान आखणाऱ्याला वारा धरावयाचा असतो, दुर्बीण आखणाऱ्याला तो सोडावयाचा असतो. शास्त्र दोघांचे एकच.

आवाजाविषयीचा प्रश्नही मुले हटकून विचारतात. आवाज एकीकडून येतो आणि विमान भलतीकडेच दिसते, हे कसे? हे तर उत्तम तोंडी गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटर अंतरावर असेल तर त्याचा आवाज कानी पडावयास जवळजवळ नऊ सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर जाते. म्हणजे आवाज पोहोचेपर्यंत ते सव्वादोन किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. आवाजाच्या दिशेने पाहणाऱ्याला रिकामे आकाश दिसावे, यात नवल नाही. आणि विमान आवाजापेक्षाही वेगाने गेले तर? मग ते आपल्या आवाजाच्या आधीच डोक्यावरून जाते, आणि मागाहून आवाज येतो तो एकदम, तोफेसारखा.

आता विमान वळते कसे, याविषयी. मोटारीचे चाक फिरविले की मोटार वळते. म्हणून विमानाचे शेपटीकडील सुकाणू फिरविले की विमान वळत असावे, असे मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटते. सुकाणू असते आणि ते वैमानिकाच्या पायांखालच्या पट्ट्यांनी हलते. परंतु वळण्याचे मुख्य काम त्याचे नव्हे. वैमानिकाच्या हाती एक दांडा असतो. तो डावीकडे कलविला की पंखांच्या मागील कडांच्या झडपा विरुद्ध दिशांना हलतात, एक पंख खाली जातो, दुसरा वर येतो, आणि सारे विमान डावीकडे कलते. पंखाचा वर उचलणारा रेटा आता थोडा आडवा झाला. तोच विमानाला वळणावर ओढून नेतो. वळणावर सायकलस्वार आत कलतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे पटण्यास वेळ लागत नाही.

परंतु कललेल्या पंखाला दुहेरी काम पडते. वजनही उचलावयाचे आणि विमान वळवावयाचेही. म्हणून रेटा वाढवावा लागतो, आणि तो वाढला की आत बसलेल्या माणसाला आपले वजन वाढल्यासारखे वाटते. साठ अंशांनी कलून, उंची न सोडता विमान वळले, तर प्रत्येक वस्तू दुप्पट जड होते. लढाऊ विमानाचे वैमानिक नऊपटीपर्यंतचा भार काही क्षण सोसतात. चाळीस किलोच्या मुलाचे वजन ३६० किलो झाले अशी कल्पना करावी. डोके व शिरस्त्राण मिळून सहासात किलो; ते साठ किलोंसारखे मानेवर बसते. रक्त पायांकडे धावते, डोळ्यांपुढे प्रथम रंग जातात, मग अंधार येतो, आणि सावध न राहिल्यास शुद्धही हरपते. म्हणून त्यांच्या पोशाखात पायांभोवती व पोटाभोवती हवेच्या पिशव्या असतात. भार वाढला की त्या आपोआप फुगतात आणि रक्ताला खाली उतरू देत नाहीत. शिवाय पोटऱ्या व मांड्या आवळून, श्वास रोखून तो झटक्याझटक्याने घेण्याचा सराव वैमानिकाला करावा लागतो. उलटे झाल्यावर माणूस पडत का नाही, याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर तो पट्ट्यांनी जखडलेला असतो. दुसरे असे की, उभ्या वर्तुळात फिरविलेल्या बादलीतील पाणी ज्या कारणाने सांडत नाही, त्याच कारणाने विमान आकाशात पूर्ण कोलांटी घेते तेव्हा वैमानिक आसनावर दाबलेलाच राहतो. बादलीचा प्रयोग मैदानात करावा. वर्गात केल्यास त्याचे परिणाम शिक्षकाने सोसावेत.

येथवरचे प्रश्न सोपे होते. आता ज्याच्या चुकीच्या उत्तराने माणसे मेली आहेत असा प्रश्न येतो. विमान पडते केव्हा?

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते, ही समजूत चुकीची आहे. इंजिन बंद पडलेले विमान घारीसारखे तरंगत खाली येऊ शकते. खरा धोका निराळा आहे. पंखाचे तोंड वाऱ्याशी जितके वर उचलावे तितका रेटा वाढतो, हे एका मर्यादेपर्यंतच खरे. साधारण पंधरा अंशांच्या आसपास ती मर्यादा येते. तिच्या पलीकडे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पाठीला धरून राहत नाही. ती सुटते, तिच्यात भोवरे पडतात, आणि रेटा एकाएकी ढासळतो. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही तो होऊ शकतो. एक पंख आधी ढासळला तर विमान गिरक्या घेत खाली येते. अशा वेळी नवख्या माणसाचा हात सहजप्रवृत्तीने दांडा मागे ओढतो, कारण त्याला विमानाचे तोंड वर करावयाचे असते. त्याने कोन आणखी वाढतो. उपाय मनाविरुद्ध आहे: जमीन समोर दिसत असता दांडा पुढे लोटावयाचा, तोंड आणखी खाली करावयाचे, हवेला पंखाशी पुन्हा जुळू द्यावयाचे. हे सांगून येत नाही. ते एखाद्या सोशिक विमानात, पुरेशा उंचीवर, मागे बसलेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पुनःपुन्हा करून यावे लागते.

हवा पंखाची पाठ का सोडते, याचा उलगडा ज्यांनी केला ते जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रान्टल. १९०४ साली त्यांनी दाखवून दिले की, पृष्ठभागाला अगदी लागून असलेला हवेचा पातळ थर घर्षणाने मंद होतो, आणि पुढे हवेचे भवितव्य हा थरच ठरवितो. गटिंगेन येथे त्यांच्या हाताखाली शिकून १९३६ साली डॉक्टरेट मिळविणारा एक विद्यार्थी मराठी होता. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरजवळील हसूर या गावी झाला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला, त्याच्या आरंभीच्या अभियंत्यांत घाटगे होते. १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले, तेथेही अध्यापनाचा पाया घालण्यात त्यांचा हात होता. महाराष्ट्रातील शाळांतून त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही. ते यावयास हवे.

स्वतंत्र भारताने स्वतः विमान आखावयाचे ठरविले तेव्हा घाटगे व त्यांचे सहकारी यांनी कोणते विमान आखले? बाँबफेकी नव्हे, लढाऊ नव्हे. त्यांनी आखले ते एचटी-२, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. दोन आसने, एकामागे एक. दोन्हीकडे सारखीच साधने, म्हणजे शिष्याचे चुकले तर गुरूने सावरावे. इंजिन १५५ अश्वशक्तीचे, वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. भारतात आखले गेलेले आणि कारखान्यात संख्येने बांधले गेलेले हे पहिले विमान. या देशाच्या विमानविद्येचा श्रीगणेशा एका शाळामास्तराने झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. असे विमान आखणे कमी प्रतीचे काम नव्हे. शिकाऊ विमान अतिशय गरीब असून चालत नाही, कारण चूक केली तर चूक झाली हे शिष्याला कळले पाहिजे. आणि अतिशय खोडकर असून तर मुळीच चालत नाही. स्टॉलपूर्वी त्याने थरथरून इशारा द्यावा, गिरकीत शिरावे आणि सांगितल्यावर बाहेर यावे, कच्च्या हाताने धाडकन उतरविले तरी चाके मोडू नयेत. चांगल्या क्रमिक पुस्तकाला याहून निराळ्या अपेक्षा नसतात.

पुढची पायरी म्हणून किरण हे जेट शिकाऊ विमान आले. त्याची आखणी घाटगे यांच्याच काळात सुरू झाली. ते १९६४ साली प्रथम उडाले. त्यानंतरच्या वर्षी घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

मराठी माणूस व विमान असा विषय निघाला की वर्गात शिवकर बापूजी तळपदे यांचेही नाव निघते, आणि १८९५ साली त्यांनी गिरगावच्या चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडविले, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तळपदे हे मुंबईतील अभ्यासू गृहस्थ होते, यात शंका नाही. परंतु त्या उड्डाणाची निर्विवाद अशी समकालीन नोंद अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार या संदर्भात दिला जातो, ते पुस्तक १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी बारकाईने तपासले. पुस्तक विसाव्या शतकातील आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी दिला. मुलांना अभिमान वाटावा असे खरे नाव हाताशी असता संशयास्पद गोष्ट सांगण्याचे कारण नाही.

एचटी-२ हे एक टोक. दुसऱ्या टोकाचे विमान पाहण्यासाठी आळेफाट्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागावे आणि नाशिक ओलांडून ओझरला जावे. तेथील कारखाना १९६४ साली उभारण्यात आला तो मिग-२१ या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानासाठी. हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जात असे. तेवढ्या वेगाला हवा चिरणारा पंख पातळ, आखूड आणि मागे झुकलेला असावा लागतो. म्हणून त्याचे पंख त्रिकोणी. परंतु जो पंख प्रचंड वेगाला सोयीचा, तो मंद वेगाला गैरसोयीचा. मिग-२१ला धावपट्टीवर उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागे, आणि तेवढ्या वेगाने जमिनीकडे येताना विचाराला वेळ उरत नसे. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हे बैलगाड्यावरून नेमके समजावता येते. शर्यतीचा गाडा घाटात वाऱ्यासारखा पळतो, कारण त्याच्यात पळण्यापलीकडे काही ठेवलेलेच नसते. त्यात उसाच्या मोळ्या घालावयाच्या नसतात. ओझ्याची बैलगाडी कितीही चांगली असली तरी शर्यत मारीत नाही. विमान आखणारा असाच एक गुण घेतो आणि त्याची किंमत दुसऱ्या गुणाने चुकवितो. सर्वांत चांगले विमान कोणते, असे मुले विचारतात, तेव्हा "कशासाठी?" हा उलट प्रश्नच त्याचे उत्तर होय.

कधी कधी गाडा तयार होतो आणि बैलच मिळत नाहीत. जर्मन आखणीकार कुर्ट टँक यांनी बंगळूर येथे आखलेले मरुत हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचे अंग आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखले होते, पण त्या जोराचे इंजिन देशाला कधीच मिळाले नाही. १९७१ च्या युद्धात मरुत विमानांनी राजस्थानच्या आघाडीवर चांगली कामगिरी केली, तरी योजिलेला वेग त्यांना शेवटपर्यंत गाठता आला नाही.

आता मुख्य गोष्ट. किरण विमानावर शिकून बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण पुढे कोठे जात असे? दीर्घ काळपर्यंत त्याला मिग-२१वर बसविले जाई. दोन्ही विमानांच्या मधले, वेगवान तरी सोशिक असे शिकाऊ विमान वायुसेनेकडे नव्हते. एअर मार्शल ला फॉन्टेन यांच्या समितीने १९८२ साली अपघातांचा विचार करून तसे विमान घेण्याची शिफारस केली. हॉक हे ब्रिटिश बनावटीचे शिकाऊ जेट बीदरच्या तळावर दाखल झाले ते २००८ साली. मध्ये २६ वर्षे गेली. संसदेत २०१२ साली देण्यात आलेल्या माहितीनुसार १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग जातीच्या सर्व प्रकारांतील ४८२ विमानांचे अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हे सारे पायरी गाळल्यामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रातील दोष, पक्ष्यांच्या धडका, जुने झालेले सुटे भाग, ही कारणे होतीच; आणि याच विमानाने साठ वर्षांहून अधिक काळ देशाची सेवा केली, हेही विसरता येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. तरीही मधली पायरी हवी, असे जाणत्यांनी लेखी सांगितले होते. हातचा घेऊन वजाबाकी पक्की न झालेल्या मुलाला जो भागाकारात ढकलतो, त्याला ही हकीकत समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की वर्गातील मुलाच्या वहीत लाल रेघ येते.

अलीकडच्या लढाऊ विमानांविषयी एक गोष्ट ऐकून मुले चकित होतात. ती विमाने मुद्दाम अस्थिर आखलेली असतात. शेपूट लावलेला पतंग शांत उभा राहतो, पण त्याला चटकन वळविता येत नाही. बिनशेपटीचा पतंग हातचा सुटला तर गोते खातो, पण पेचात तोच चपळ. तेजस हे भारतात आखलेले लढाऊ विमान दुसऱ्या जातीचे आहे. ते जानेवारी २००१ मध्ये प्रथम उडाले. तळहातावर केरसुणीचा दांडा उभा तोलून धरणारा मुलगा हात सतत सूक्ष्म हलवीत असतो. तद्वत् तेजसमधील संगणक दर सेकंदाला अनेक वेळा झडपा हलवून विमान तोलून धरतो. माणसाच्या हाताला हे साधण्यासारखे नाही. म्हणून वैमानिकाचा दांडा झडपांना तारेने वा नळीने जोडलेला नसतो. दांडा आपली इच्छा संगणकाला कळवितो आणि संगणक ती अमलात आणतो. एकाने दगा दिला तर तोल जाऊ नये, यासाठी तोच हिशेब चार स्वतंत्र वाहिन्यांतून चालतो. ओझरच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथूनच उडाले.

किरकोळ प्रश्नांना थोडक्यात उत्तरे पुरतात. लढाऊ विमान मागे चालते का? जमिनीवर सामान्यतः नाही. त्याला ट्रॅक्टरसारख्या वाहनाने ओढतात. वैमानिक उडी कशी मारतो? तो उडी मारीत नाही. आसनाखालील अग्निबाण त्याला आसनासकट बाहेर फेकतो, मग छत्री उघडते. आधुनिक आसन तर जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला छत्री उघडण्याइतके उंच फेकू शकते. त्या धक्क्याने पाठीच्या मणक्यांना इजा होण्याचा संभव असतो, म्हणून तो शेवटचाच उपाय.

शेवटच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "बाई, मुलींना चालवू देतात का?" देतात. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी वायुसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. याच जिल्ह्यातील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि ३० मे २०२५ रोजी तेथून १७ मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. वायुसेनेसाठी तेथे जावयाचे तर बारावीला गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घ्यावे लागतात, हे त्या मुलीच्या पालकांनाही शाळेच्या पुढच्या पालकसभेत सांगून ठेवावे.